किल्ली डिक्कीतच राहिली

माझ्या मोटारसायकलच्या मागच्या डिक्कीसोबत दोन किल्ल्या आल्या होत्या. एक मी वापरायला काढली. दुसरी, जपून ठेवायची म्हणून, ज्या प्लास्टिकच्या पुडीत आली होती त्याच पुडीत घालून डिक्कीच्या आतल्या खिशात ठेवली. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवायचा नसतो, हे मी ऑफिसात नव्यानं आलेल्या पोरांना दर दोन महिन्यांनी समजावून सांगतो.

पहिली किल्ली गाडीच्या चावीसोबत अडकवली होती, पण ती चालू गाडीत टाकीवर सारखी खडखड वाजायची. म्हणून काढून शर्टाच्या खिशात ठेवायला लागलो. सुट्टीत गावी, शिरूर कासारला आलो होतो. बहिणीला घेऊन बीडला गेलो, कामं उरकली, येताना एका रसवंतीवर थांबलो, घरी आलो, आणि खिसा रिकामा. रसवंतीवर परत जाऊन चिपाडंसुद्धा उलटीपालटी केली. नाही.

एरवी डिक्कीत रेनकोट आणि पाण्याची बाटली असते. त्या दिवशी बहिणीची फाईल होती. ती पोलीस भरतीची मैदानी आणि लेखी पार करून बसलेली, एक दिवस सोडून सकाळी बीडला कागदपत्रांची पडताळणी. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल, सगळं त्या पेटीत. फाईल तिच्या हातात पिशवीत होती, "डिक्कीत टाक, सुरक्षित राहील" असं मीच म्हणालो होतो. तिनं मला एक शब्द बोलून दाखवला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

अशा वेळी गावात सल्ल्यांना तोटा नसतो. एकानं पेचकस घालून उचकटायला सांगितलं. वेल्डिंगवाला ग्राइंडर घेऊन यायला तयार होता, पण पेटी प्लास्टिकची आणि आत कागद, म्हणजे ठिणग्या कुठं जाणार ते दिसतच होतं. अण्णा ओट्यावरून एवढंच म्हणाले, "फोडायलास कशाला? ज्याची विद्या त्याच्याकडं जावं."

मी आधी कंपनीला फोन लावला. कुलपाच्या तोंडावर बारीक अक्षरांत एक नंबर कोरलेला असतो, तो कळवला की नवी किल्ली करून पाठवतात. सात ते दहा दिवस. पैसे भरले, पत्ता दिला. पत्ता देताना प्रत्येक वेळी करतो तसं दोनदा सांगितलं, "शिरूर कासार, जिल्हा बीड. पुण्याजवळचं शिरूर नव्हे." पुण्याकडे घोडनदीकाठी एक शिरूर आहे, लातूरकडे शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद आहेत. आमच्या शिरूरच्या मागं कासार लागलेला. कासार म्हणजे काशा-पितळेची भांडी आणि बांगड्या यांचा धंदा करणारा. गावाच्या नावातच धातूचा माणूस आहे आणि गावात मला एक किल्ली करून मिळेना.

त्या रात्री झोप येईना. फोनवर कुलपं कशी उघडतात ते शोधायला लागलो आणि कुलपांच्या इतिहासातच गुंतलो. जे कळलं ते इथं सांगतो, कारण दुसऱ्या दिवशी जे पाहिलं त्याचा अर्थ मला त्यामुळेच लागला.

सुरुवात शब्दांपासूनच. कुलूप हा शब्द अरबी ‘कुफ्ल’वरून आला, बोलता बोलता मराठीनं त्यातल्या अक्षरांची अदलाबदल करून टाकली. चावी पोर्तुगीज ‘शाव्ह’वरून, म्हणजे गोव्या-वसईकडून. किल्ली मात्र संस्कृत ‘कील’ म्हणजे खुंटीच्या घराण्यातली. म्हणजे आपण अरबी वस्तू पोर्तुगीज वस्तूनं उघडतो, आणि ती हरवली की मग घरचा शब्द आठवतो.

आपल्याकडच्या जुन्या घरांत कुलपाचं काम बहुतेक लाकूडच करायचं. दाराला आतून अडसर, बाहेरून कडी-कोयंडा. आमच्या आजीच्या घरी अडसरासाठी भिंतीत हातभर खोल भोक होतं, लहानपणी आम्ही त्यात गोट्या लपवायचो. धान्य पेवात, म्हणजे जमिनीखाली. अशा घरात अडसर उपयोगी पडायचा तो आत कोणी माणूस असेल तरच. घर रिकामं ठेवून सगळ्यांनी बाहेर पडायचं म्हटलं की लोखंडी कुलूप लागतं. आमच्या भागात दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या जोड्यांच्या घरांना सहा-सहा महिने लागलेली कुलपं बघितली की हा फरक कळतो.

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात शनिशिंगणापूर आहे. तिथल्या घरांना दारं-कुलपं नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं. २०११ साली तिथं युको बँकेची शाखा उघडली, तेव्हा ‘बिनकुलपाची बँक’ म्हणून बातम्या आल्या. प्रत्यक्षात काचेच्या दाराला रिमोटवर चालणारं विजेचं चुंबकीय कुलूप होतं, फक्त ते सहज दिसत नव्हतं. गावाची श्रद्धा दुखावू नये आणि रिझर्व्ह बँकेलाही चालावं, असा मधला मार्ग. मला यात खोटेपणा दिसत नाही. पण कुलूप आहे की नाही यापेक्षा ते दिसतं की नाही याला आपण किती किंमत देतो, ते तिथं नीट कळतं.

लपवण्याची ही गोष्ट इंग्लंडात फार जोरात चालली. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या जोसेफ ब्रामा या कारागिरानं एक कुलूप केलं आणि दुकानाच्या खिडकीत पाटीसकट ठेवलं: हे उघडेल असं हत्यार जो करेल त्याला २०० गिनी. साठेक वर्षं ती पाटी तिथं होती. दुसरीकडे चब नावाच्या भावांनी १८१८ साली ‘डिटेक्टर’ कुलूप काढलं. कोणी चुकीच्या किल्लीनं खटपट केली की आतला एक तुकडा अडकून बसायचा आणि मालकाला पुढच्या वेळी कळायचं की मागं कोणीतरी येऊन गेलंय. आजच्या भाषेत ‘तुमच्या खात्यात लॉगिन करण्याचा प्रयत्न झाला’ हा मेसेज.

मग आलं १८५१. लंडनला हाइड पार्कात जगभरच्या वस्तूंचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यात सगळ्यांत जास्त गर्दी खेचणाऱ्या वस्तूंपैकी एक होता कोहिनूर, दोनच वर्षांपूर्वी, १८४९ मध्ये, पंजाब खालसा करताना लाहोरच्या शीख दरबाराकडून कंपनी सरकारनं काढून घेतलेला. तो ठेवला होता चब कंपनीनं केलेल्या पिंजऱ्यात. दुसऱ्याच्या घरातून आणलेला हिरा, आणि त्याला जगातलं सगळ्यांत भरवशाचं कुलूप. यावर आणखी काही बोलायला नको.

त्याच प्रदर्शनाला अमेरिकेहून आल्फ्रेड हॉब्स नावाचा माणूस आला होता, एका कुलूप कंपनीचा विक्रेता. त्यानं चबचं डिटेक्टर कुलूप साक्षीदारांसमोर सुमारे पंचवीस मिनिटांत उघडलं, शिवाय पुन्हा बंद करून दाखवलं. नंतर ब्रामाच्या पाटीला हात घातला. सोळा दिवसांत मिळून ५१ तास तो त्या कुलपासमोर बसला आणि उघडलंच. वर्तमानपत्रांत दंगा झाला. लोकांचा राग कुलूप करणाऱ्यांवर निघायला हवा होता, तो बराचसा हॉब्सवर निघाला: हे सगळं जाहीर कशाला करायचं, चोरांना शिकवतोस काय? हॉब्सचं म्हणणं असं की चोर आपल्या धंद्यात हुशारच असतात, त्यांना आपण शिकवावं असं फारसं उरलेलं नसतं. अंधारात असतो तो कुलूप विकत घेणारा.

हा वाद ज्यानं एकदाही सिक्युरिटीवर काम केलंय त्याला पाठ असतो. १८८३ साली ऑगुस्त केर्कहॉफ्सनं लष्करी गुप्तलेखनाबद्दल हेच मांडलं: यंत्रणा शत्रूच्या हाती लागली तरी चालली पाहिजे, गुपित फक्त किल्लीत असावं. आणि २००३ साली मॅट ब्लेझ या संगणक शास्त्रज्ञानं इमारतींच्या ‘मास्टर की’मधली पळवाट एका शोधनिबंधात लिहिली, तेव्हा कुलूपवाले त्याच्यावर तसेच चिडले. पळवाट त्यांच्या धंद्यात आधीपासून माहीत होती. राग होता तो लिहिल्याचा.

आपल्याकडे कारखान्यातलं कुलूप आलं ते आधी अलिगढहून. तिथं १८७० साली जॉन्सन नावाच्या इंग्रजाची कंपनी उभी राहिली, आधी विलायती कुलपं विकायला, मग तिथंच बनवायला, आणि पुढं ते अख्खं शहर कुलपांचं झालं. दक्षिणेत दिंडिगल, तिथल्या कुलपांना २०१९ साली जीआय मानांकन मिळालं. मुंबईत १८९७ साली लालबागला अर्देशीर गोदरेज यांनी कुलपांचा कारखाना टाकला. हा माणूस मुळात वकील. वकिली सोडली, शस्त्रक्रियेची हत्यारं बनवून पाहिली, पण गिऱ्हाइकाला त्यावर भारतीय बनावटीची खूण नको होती आणि अर्देशीर ती काढायला तयार नव्हते, म्हणून तो धंदा बसला. मग शहरातल्या घरफोड्यांच्या बातम्या वाचून कुलपं. तिथून तिजोरी, तिथून ते लोखंडी कपाट, ज्याला आपल्याकडे कंपनी कोणतीही असो, ‘गोदरेजचं कपाट’च म्हणतात.

या कंपनीची मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट मात्र मतपेट्यांची आहे. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी विक्रोळीच्या कारखान्यात बारा लाखांहून जास्त पेट्या बनल्या. किंमत साधारण पाच रुपयांच्या आत बसवायची होती आणि बाहेरून लावायचं कुलूप परवडेना. तेव्हा कारखान्यातल्याच नाथालाल पांचाळ या कामगारानं आतल्या आत बसणारी कडी सुचवली. आमचा बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. निजामाचं राज्य जाऊन जेमतेम तीन वर्षं झालेली, आणि इथली माणसं पहिल्यांदा मत टाकत होती.

एवढं वाचेपर्यंत दोन वाजले होते. माझ्या डिक्कीचं कुलूप यातलं कुठलं, तेही एव्हाना कळलं होतं, आणि कळून थोडी लाज वाटली. १८६०च्या दशकात लायनस येल या अमेरिकनानं खिळ्यांचं दंडगोल कुलूप आणि चपटी किल्ली आणली. कल्पना मुळात प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांची. त्याचं स्वस्तातलं भावंड म्हणजे पट्ट्यांचं कुलूप. फिरणाऱ्या गाभ्यात पातळ पितळी पट्ट्या असतात, प्रत्येकीखाली बारीक स्प्रिंग. योग्य किल्ली गेली की सगळ्या पट्ट्या गाभ्याच्या कडेशी सपाट होतात आणि गाभा फिरतो. एक जरी वर-खाली राहिली तर ती बाहेरच्या खाचेत अडकते. ऑफिसातलं ड्रॉवर, गल्ल्याची पेटी, टपालपेटी, मोटारसायकलची डिक्की, सगळीकडे हेच. पाच पट्ट्या आणि प्रत्येकीच्या चार उंच्या धरल्या तर ४ × ४ × ४ × ४ × ४, म्हणजे १,०२४ किल्ल्या. फोनच्या चार आकडी पिनमध्ये दहा हजार शक्यता असतात आणि त्याला आम्ही कच्चा पासवर्ड म्हणतो. बरं, त्या हजारांतली आपली कोणती हे सांगणारा नंबर कुलपाच्या तोंडावरच छापलेला. पासवर्ड मॉनिटरवर चिकटवून ठेवणाऱ्या आमच्या अकाउंटवाल्या साहेबांना मी फार हसलो होतो.

सकाळी गाडी घेऊन बीडला गेलो. गाडी चालू होत होती, तिची चावी होतीच. रस्त्याकडेला छत्रीखाली, मागं फळीवर शेकडो कोऱ्या चाव्या टांगून एक सरदारजी बसले होते. वय साठीच्या पुढं, मराठी आपल्यासारखंच, मधूनच हिंदी. मी घाईघाईत सगळी कथा सांगितली. त्यांनी डिक्कीकडे पाहिलंही नाही.

"गाडी तुमचीच ना? आरसी दाखवा."

आरसी डिक्कीत होती.

मला राग आला, खरं सांगतो. उशीर होत होता आणि हा माणूस माझ्याकडे चोरासारखा बघत होता. मग फोनवर डिजीलॉकर उघडून आरसी दाखवली. त्यांनी नंबरप्लेट वाचली, फोनवरचं नाव वाचलं, आधार कार्डावरचा फोटो आणि माझं तोंड ताडून पाहिलं, आणि एक लांब वही काढून तारीख, गाडी नंबर, मोबाइल नंबर लिहिला. मला सही करायला लावली. मग स्टूल ओढलं.

पुढं जे झालं त्याला मी फोनवर घड्याळ लावलं होतं. त्यांनी फळीवरून एक कोरी चावी निवडली, कानशीनं तिची कड गुळगुळीत केली, दिव्याच्या काजळीवर धरून काळी केली. कुलपात घातली, पक्कडीनं अगदी हलका पीळ दिला, थोडी वर-खाली हलवली, बाहेर काढली. काजळीवर दोन ठिकाणी चकचकीत ठिपके. जी पट्टी अडते ती ठिपका उमटवते. तिथं कानशीचे दोन हात. पुन्हा आत, पुन्हा पीळ, पुन्हा बाहेर. जिथं उंची बरोबर झाली तिथं ठिपका पडायचा थांबतो. कुलूप स्वतःच सांगतं की अजून कुठं घास. मी आयुष्यात डीबगिंगचा इतका स्वच्छ नमुना पाहिलेला नाही. बावीस मिनिटांनी चावी फिरली. हॉब्सला चबच्या कुलपाला पंचवीस लागली होती. अर्थात ते लिव्हरचं भारी कुलूप होतं, बरोबरी नको.

कानस चालू असतानाच मी विचारत होतो आणि ते सांगत होते. आपण शिकलगार. शब्द अरबी ‘सैकल’ म्हणजे जिलई, चकाकी यावरून आलेला: हत्यारांना पाणी आणि धार देणारे. महाराष्ट्रात शिकलगार मुसलमानही आहेत आणि शीखही. शीख शिकलगारांची सांगी अशी की गुरू गोविंदसिंगांच्या फौजेची हत्यारं ते करायचे आणि गुरूंसोबत नांदेडपर्यंत आले. गुरूंचं देहावसान नांदेडला १७०८ साली झालं, आणि या काकांचंही मूळ घर नांदेडचंच. तलवारी, भाले, कट्यारी हे शिकलगारांचं पोट. १८५७ नंतर इंग्रजांना लोकांच्या हातातली हत्यारं खुपायला लागली आणि १८७८ साली शस्त्रांचा कायदा आला. परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा ठरला. ज्याचं गिऱ्हाईकच बेकायदा झालं त्या कारागिरानं काय करायचं? सुऱ्या-कात्र्यांना धार, कढया-बादल्या, आणि कुलूप-किल्ल्या. तलवारीवर फिरणारी कानस चावीवर फिरायला लागली.

त्यातच १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं पोलिसांना एक सवय लावून दिली होती: फिरस्ता दिसला की आधी संशय. त्या कायद्यानं किती तरी जमातींतली पोरं जन्मल्या दिवसापासून गुन्हेगार धरली गेली. कायदा १९५२ साली गेला. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आज शिकलगार आहेत, घिसाडी आहेत, ओतारी आहेत. धातूच्या एवढ्या कारागिरांना आपण भटकंच ठेवलं. सवय मात्र कायद्यासोबत गेली नाही. काका सांगत होते, तरुणपणी ते सायकलवर गावोगाव फिरायचे. एका गावात कपाटाची किल्ली करून दिली, चार दिवसांनी त्याच आळीत घरफोडी झाली. रात्रभर ठाण्यात बसवलं. सकाळी खरा चोर सापडला, घरातलाच भाचा निघाला, तेव्हा सोडलं. तेव्हापासून वही.

"ही बावीसावी," ते म्हणाले. "जुन्या सगळ्या घरी आहेत. पोलीस आले की मी वही पुढं करतो. आधी ते मला विचारायचे, आता वहीला विचारतात."

मघाशी मला आलेला राग कुठं ठेवावा ते कळेना. लंडनच्या त्या वादात कारखानदार होते, विक्रेते होते, वर्तमानपत्रं होती. पण कुलूप रोज उघडून देणाऱ्या माणसावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा, याचं उत्तर माझ्या वाचनात कुठं आलं नव्हतं. ते इथं दोरीनं बांधलेल्या पेनासकट स्टुलावर ठेवलेलं होतं. आमच्याकडे याला ऑडिट लॉग म्हणतात आणि तो ठेवायचा कंटाळा करणारे बहुतेक माझ्यासारखेच असतात.

डिक्की उघडली. फाईल होती. आतल्या खिशात पुडी होती, पुडीत किल्ली होती. काका पहिल्यांदाच हसले. दीडशे रुपये घेतले. मी दुसरी चावी करून मागितली तर म्हणाले, "कशाला? सापडली की एक." मग थोडं थांबून, "ती घरी बहिणीकडे द्या. तुमच्याकडे नको." त्यांची पोरं आता गाड्यांच्या सेन्सरवाल्या चाव्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम करतात, कानस धरत नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. तक्रारीच्या सुरात नाही. नातवाला कॉम्प्युटरला घालायचंय, कुठलं कॉलेज बरं, हे मलाच विचारलं.

दुसऱ्या दिवशी बहिणीची पडताळणी झाली. तिथल्या टेबलावर डिजीलॉकर चालत नव्हतं, मूळ कागदच लागले. निवड यादी अजून लागायचीय. दुसरी किल्ली तिच्याकडेच आहे, गोदरेजच्या कपाटात. ते कपाट गोदरेजचं नाही.

मी पुण्याला परतलो. कंपनीची किल्ली मी विसरूनही गेलो होतो. नवव्या दिवशी मीटिंगमध्ये असताना फोन आला.

"सर, पार्सल आहे तुमचं. शिरूरला आलोय, घोडनदीच्या पुलाजवळ उभाय. इथून घर कुठं पडतं?"